सत्येनबाबूंची नोकरी

आमच्या फिजिक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी १ जानेवारीला, वाढदिवस म्हणून, बंगाली भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोसांचा फोटो येतो. पांढरे पिंजारलेले केस, जाड चष्मा, आणि खाली ठरलेली ओळ की यांना नोबेल मिळायलाच हवं होतं. मग कुणी हात जोडतं, कुणी लाल रागीट चेहरा टाकतं, आणि दुपारपर्यंत ग्रुप परत कॅसचं (प्राध्यापकांच्या बढतीची योजना) प्रमोशन आणि थकबाकी यावर येतो. मला त्या नोबेलच्या रडगाण्याचा खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. त्यांचं नाव नोबेलसाठी एकापेक्षा जास्त वेळा गेलं होतं, समितीसाठी स्वीडनचे शास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन यांनी त्यांचं प्रकाशाच्या कणांवरचं काम तपासलं, त्यांचं मत प्रतिकूल पडलं, झालं. आपण भांडून त्यात काय फरक पडणारे.

मला बोसांच्या आयुष्यात रस वाटतो तो वेगळ्याच कारणाने. हा माणूस आयुष्यभर युनिव्हर्सिटीत नोकरी करत होता. म्हणजे पगार, रजेचा अर्ज, रिकामी झालेली जागा, सिलेक्शन कमिटी, मोडकी उपकरणं, डीनपद, हॉस्टेल, पोरांच्या शंका, सगळं. मी स्वतः सीनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे चरित्रात बाकीचे लोक जिथे भराभर पानं उलटतात नेमकी तिथे मी रेंगाळते.

जन्म १८९४ चा, कलकत्त्यातला. वडील रेल्वेत. शाळेतल्या मास्तरांनी गणितात १०० पैकी ११० मार्क दिले हा किस्सा प्रत्येक चरित्रात असतो, तो तुम्ही ऐकला असेलच, पुढे जाऊ. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांच्याच वर्गात मेघनाद साहा, पुढे तेही नावाजलेले शास्त्रज्ञ झाले. १९१५ साली एमएस्सीला, विषय मिश्र गणित (आजचं उपयोजित गणित), बोस पहिले आणि साहा दुसरे. आणि त्यानंतर? त्यानंतर काही नाही. युनिव्हर्सिटीत पहिला आलेला मुलगा, एव्हाना लग्नही झालेलं, आणि शिकवण्या करतोय. आज सेट-नेट झालेली आमची पोरं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं या कॉलेजातून त्या कॉलेजात पळतात, त्यांना हे वर्ष सांगायला मला आवडतं, म्हणजे सांगून त्यांचं पोट भरत नाही हे मलाही माहितीये.

मग आशुतोष मुखर्जी. हायकोर्टाचे जज्ज आणि कलकत्ता युनिव्हर्सिटीच्या सायन्स कॉलेजमागचा माणूस. कॉलेजाला पैसा दिला तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोघांनी, दोघेही वकील. इमारत उभी राहिली, पदं तयार झाली, पण पहिलं महायुद्ध सुरू, युरोपातून पुस्तक येत नाही. अशा वेळी मुखर्जींनी या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांना बोलावलं आणि एमएस्सीला नवं फिजिक्स शिकवायचं काम दिलं. साहांकडे क्वांटम, बोसांकडे रिलेटिव्हिटी. त्यांना स्वतःलाच ते कुणी शिकवलेलं नव्हतं! शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ब्रूल नावाचे एक जर्मन प्राध्यापक होते, त्यांच्या घरी जर्मन पुस्तकं होती, ती उसनी आणायची, जर्मन शिकत शिकत वाचायची, आणि वर्गात जाऊन शिकवायची. यातूनच साहा आणि बोसांनी आइन्स्टाइनच्या रिलेटिव्हिटीवरच्या पेपर्सचा इंग्रजी अनुवाद केला, प्रस्तावना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची, १९२० मध्ये कलकत्ता युनिव्हर्सिटीने छापला. परवानगीसाठी आइन्स्टाइनना लिहिलेलं होतं. हे पत्र लक्षात ठेवा, पुढे कामी येतं.

१९२१ मध्ये ढाक्याला नवी युनिव्हर्सिटी निघाली आणि बोस तिथे रीडर (प्रोफेसरच्या खालचं पद) म्हणून गेले. साहा मूळचे ढाक्याकडचे, त्यामुळे बोसांनी त्यांना जे पत्र लिहिलं त्यात "तुमच्या" मुलखात येऊन महिना झाला अशी सुरुवात आहे, आणि पुढे तक्रारी. तुमच्या ढाका कॉलेजात सामान होतं बरंच पण हेळसांड अशी की विचारू नका. साहेब लोकांच्या टेबलांवर निकोल प्रिझम, भिंगं, आयपीस असं सगळं विखुरलेलं, कुठला तुकडा कुठल्या उपकरणाचा हे शोधायचं म्हणजे तेच एक संशोधन. जर्नल्स नाहीत, मागवू म्हणतात.

हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. आमच्या लॅबच्या कपाटातही एक पत्र्याचा ट्रे आहे, त्यात कापसात गुंडाळलेली प्रिझमं, काच हरवलेले दोन आयपीस, एक सुटं व्हर्निअर आणि पितळेचे स्क्रू, ज्यांचं मूळ गाव कुणालाच माहीत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला ते सगळं "चालू स्थितीत" आहे. लॅब असिस्टंट दर दिवाळीच्या सुट्टीआधी तो ट्रे पुसून ठेवतात आणि कपाट लावतात. तर मुद्दा असा की जगातल्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांमधे हा ट्रे असतो आणि आइन्स्टाइनपर्यंत पोचलेला माणूसही त्या ट्रेपासूनच सुरुवात करत होता.

आता ज्या १९२४ च्या पेपरमुळे बोसांचं नाव झालं त्याबद्दल. लोक तो एकदम आकाशातून पडला असं लिहितात. तसं नाहीये, तो वर्गातून आलाय, आणि हे मी शिकवणारी बाई म्हणून अभिमानाने सांगते. बोस एमएस्सीच्या मुलांना प्लांकचा नियम शिकवत होते, म्हणजे तापलेल्या पोकळीतून कुठल्या रंगाचा किती प्रकाश बाहेर पडतो त्याचं सूत्र. सूत्र प्रयोगाशी तंतोतंत जुळतं, १९०० सालापासून. पण ते सिद्ध करताना जे करावं लागायचं ते त्यांच्या गळी उतरेना. सूत्रात दोन भाग गुणलेले आहेत. पहिला भाग काढताना म्हणायचं की प्रकाश म्हणजे लाटा आहेत, जुन्या मॅक्सवेलच्या सिद्धांतातल्या. आणि दुसरा भाग काढताना म्हणायचं की ऊर्जा तुकड्यातुकड्यांनी येते. एकाच फळ्यावर, एकाच तासाला, अर्धं हे खरं आणि अर्धं ते खरं. बहुतेक मास्तर इथे खडू झटकून पुढे जातात. (मीही गेलेली आहे, सिलॅबस संपवायचा असतो.) १९२४ च्या सुमाराला साहा ढाक्याला बोसांकडे उतरले होते, त्यांनीही पाउली आणि आइन्स्टाइन-एहरेनफेस्ट या युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या ताज्या कामाकडे बोट दाखवून हाच विषय काढला होता.

बोसांनी लाटा सोडूनच दिल्या. प्रकाश म्हणजे कणांचा गॅस धरला. कण कुठे आहे आणि त्याचा संवेग (मोमेंटम) किती या दोन्ही गोष्टी मिळून जी जागा होते तिचे छोटे छोटे कप्पे पाडले, प्रत्येक कप्पा प्लांकच्या स्थिरांकाच्या (क्वांटम फिजिक्समधला एक अगदी छोटा, ठरलेला आकडा) घनाएवढा, आणि कप्पे मोजले. पहिला भाग आपोआप निघाला, लाटांचं नावही न घेता. फक्त एक दोनने गुणावं लागलं, प्रकाशाच्या दोन ध्रुवीकरणांसाठी, म्हणजे प्रकाश दोन प्रकारे कंप पावू शकतो म्हणून. मग विचारलं, किती कप्प्यांत शून्य कण, किती कप्प्यांत एक, किती कप्प्यांत दोन. कुठला कण कुठल्या कप्प्यात हे विचारलंच नाही. सगळी गंमत या न विचारण्यात आहे.

वर्गात मी हे नाण्यांनी सांगते. दोन नाणी उडवली की चार शक्यता: छाप-छाप, छाप-काटा, काटा-छाप, काटा-काटा. दोन्ही सारखी पडायची शक्यता निम्मी. आता समजा ही नाणी अशी आहेत की यातलं पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं याला निसर्गातच काही अर्थ नाही, म्हणजे आपल्याला ओळखता येत नाही असं नाही, मुळात फरकच नाही. मग शक्यता तीनच उरतात, आणि दोन्ही सारखी पडायची शक्यता दोन तृतीयांश होते. म्हणजे कुणी ढकललं नाही, ओढलं नाही, तरी फक्त मोजायची पद्धत बदलली म्हणून हे कण एकमेकांजवळ जास्त सापडायला लागले. इथे मागच्या बाकावरचा एखादा तरी मान वर करतो. या मोजण्यालाच बोस स्टॅटिस्टिक्स म्हणतात. आइन्स्टाइननी हीच पद्धत अणूंच्या गॅसला लावली आणि म्हणाले की खूप थंड केलं तर अणू सगळ्यात खालच्या अवस्थेत एकत्र गोळा होतील. ते प्रत्यक्ष दिसायला १९९५ साल उजाडावं लागलं, अमेरिकेत बोल्डरला, रुबिडियमचे अणू, तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या कोट्यवधीव्या भागाच्या हिशोबातलं. २००१ चं नोबेल त्यासाठीच.

पन्नासच्या दशकातला एक किस्सा सांगतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक बायकोसह कलकत्त्याला आले होते. बोसांनी दोघांना गाडीत मागे बसवलं, स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी, आणि जागा नसताना आपल्या विद्यार्थ्यांनाही पुढेच कोंबायला लागले. डिरॅकनी विचारलं, जरा गर्दी होत नाहीये का? बोस मागे वळून म्हणाले, आमचा बोस स्टॅटिस्टिक्सवर विश्वास आहे. या जातीच्या कणांना बोसॉन हे नाव देणारे डिरॅकच, १९४५ मधे, त्यामुळे त्यांना जोक कळला असणार, बायकोला मात्र त्यांनी समजावून सांगितला म्हणे.

असो. पेपर छोटा, छापील चार पानांचा. आधी इंग्लंडच्या फिलॉसॉफिकल मॅगझिन या विज्ञानाच्या जर्नलला पाठवला होता आणि तिथे काही जमलं नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ४ जून १९२४ ला बोसांनी तो आइन्स्टाइनना पाठवला. सोबतचं पत्र वाचण्यासारखं आहे. मला जर्मन एवढं येत नाही की मी हे भाषांतर करीन, तुम्हाला छापण्यालायक वाटलं तर छापायची व्यवस्था करा. तुम्ही मला ओळखत नाही, पण विचारायला संकोच वाटत नाही कारण आम्ही सगळे तुमचे विद्यार्थीच. आणि मग ती आठवण, की कलकत्त्याहून कुणीतरी तुमच्या पेपर्सच्या अनुवादाची परवानगी मागितली होती, त्यातला जनरल रिलेटिव्हिटीचा पेपर मी केला होता. तीस वर्षांचा ढाक्याचा रीडर जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध शास्त्रज्ञाला भाषांतराचं काम सांगतोय! आणि आइन्स्टाइननी ते केलं, स्वतः जर्मन अनुवाद करून, हे महत्त्वाचं पाऊल आहे अशी टीप जोडून, छापायला दिला.

आणि इथे येतो नोकरीतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग. बोसांना युरोपला जायचं होतं, रजेचा अर्ज पडून होता. आइन्स्टाइनचं पोस्टकार्ड आलं, ते कुलगुरू हार्टोग यांना दाखवलं, आणि दोन वर्षांची रजा मंजूर, जायचा-यायचा खर्च, मागे घरच्यांसाठी पैसे, सगळं. जर्मन कॉन्सुलेटने तेच कार्ड बघून व्हिसाची फीसुद्धा घेतली नाही. एक पोस्टकार्ड! आम्हाला तीन दिवसांच्या कॉन्फरन्सला ड्यूटी लीव्ह काढायची तर निमंत्रणपत्र, स्वीकृतीपत्र, पर्यायी तासिकांचं वेळापत्रक, विभागप्रमुखांची सही, आणि आल्यावर हजेरीचं सर्टिफिकेट.

पॅरिसला उतरल्यावर ते मादाम क्यूरींना भेटायला गेले, लॅबमधे काम करायची इच्छा म्हणून. बाई सगळा वेळ इंग्रजीत बोलत राहिल्या. त्यांचं म्हणणं, आधीच्या एका भारतीय विद्यार्थ्याला भाषेमुळे फार अडचण झाली, तर तुम्ही आधी तीन-चार महिने फ्रेंच शिका आणि मग या. बोसांना फ्रेंच येत होतं. चांगलं येत होतं. पण त्या बोलतच होत्या, आणि मधेच तोडून "मला येतं हो" म्हणायचं यांना धाडस झालं नाही, मान डोलावून बाहेर पडले. आइन्स्टाइनना भाषांतर सांगणारा तो हाच माणूस. कागदावर धीट आणि समोर आलं की गप्प. अशी माणसं मी खूप पाहिलीत, व्हायव्हाला तर दरवर्षी बघते.

बर्लिनला आइन्स्टाइनची भेट झाली, १९२५ च्या शेवटाला. पण तोवर जरा विरजण पडलेलं होतं. बोसांचा दुसरा पेपर आइन्स्टाइननी छापायला दिला खरा, पण त्याला आपली असहमतीची टीप जोडून. आणि त्या पहिल्या पेपरमधल्या दोनच्या गुणकाचं बोस नंतर सांगत म्हणे, की मी तो प्रकाशकणाच्या स्पिनमुळे (कणाचं जणू स्वतःभोवती फिरणं) येतो असं सुचवलं होतं, म्हाताऱ्याने, म्हणजे आइन्स्टाइननी, ते खोडलं. सांगायचे पण हसून, तक्रार म्हणून नाही. स्वतःच्या कामाबद्दलही ते म्हणत की आपण काही फार नवीन केलंय हे तेव्हा आपल्याला कळलंच नव्हतं. हे मला पटतं. शिकवताना अडलं होतं, ते सुटलं, त्यांच्या दृष्टीने तेवढंच झालं होतं.

परत आले १९२६ मधे. ढाक्यात प्रोफेसरची जागा निघालेली, यांच्याकडे डॉक्टरेट नाही. आइन्स्टाइनचं शिफारसपत्र जोडलेलं. तरी कमिटीची पहिली पसंती देवेंद्रमोहन बोस हे दुसरे एक भौतिकशास्त्रज्ञ, ते नाही म्हणाले तर सत्येंद्रनाथ. देवेंद्रमोहन नाही म्हणाले. म्हणजे बोस-आइन्स्टाइन स्टॅटिस्टिक्सचा बोस वेटिंग लिस्टवरून प्रोफेसर झाला! आमच्या स्टाफरूममधे "आज बोस असते तर त्यांचा एपीआय (बढतीसाठी मोजायचे गुण) किती भरला असता" हा विनोद नेहमीचा, आणि त्यात असं गृहीत असतं की पूर्वी सगळं गुणावर चालायचं. कमिट्या तेव्हाही कमिट्याच होत्या. फरक एवढाच की नियम वाकवायला आइन्स्टाइनचं पत्र चालायचं.

पुढची जवळपास दहा वर्षं बोसांनी म्हणावं असं काहीच छापलं नाही. लोकांना हे कोडं वाटतं. काही जण हळहळतात की ढाक्यात एकटे पडले, युरोपात राहिले असते तर, कारण क्वांटम मेकॅनिक्स नेमकं त्याच वर्षांत तिकडे उभं राहत होतं. काही जण उलट त्यांना संत करून टाकतात, की प्रसिद्धीची हावच नव्हती. मला दोन्ही पटत नाही. ते डिपार्टमेंटचे हेड होते, सायन्सचे डीन होते, ढाका हॉल या हॉस्टेलचे प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख, होते. ज्यांनी कधी हॉस्टेल सांभाळलंय त्यांनी हात वर करा. शिवाय एक्स-रे क्रिस्टलोग्राफीची (एक्स-रेने स्फटिकांची रचना बघायची) लॅब उभी करणं, वर्कशॉपमधे उपकरणं बनवून घेणं, मुलांना प्रॉब्लेम देणं, सल्फा औषधांच्या रसायनशास्त्रात डोकं घालणं, महालनोबिसांच्या संख्याशास्त्रातला एक प्रश्न सोडवून देणं. ज्याने जे विचारलं ते करत बसायचे आणि त्यातलं थोडंच स्वतःच्या नावावर छापायचे. यात थोडा आळस होता, थोडा अड्डा (बंगाली गप्पांचा फड), एसराज हे तंतुवाद्य वाजवायचा शौक होता, आणि बराचसा तो मास्तरांचा रोग, की गोष्ट आपल्याला कळली की मग ती लिहायचा कंटाळा येतो. आयुष्यभरात मिळून पंचवीसच्या आसपास पेपर. नुकसान झालं का? झालं असेल. ते काम न होता दुसरं काहीतरी झालं, एवढंच मी म्हणीन.

१९४५ मधे, फाळणीच्या आधी, ढाका सोडून ते कलकत्त्याला खैरा प्रोफेसर (देणगीदाराच्या नावाचं युनिव्हर्सिटीतलं पद) म्हणून परत आले. तिथल्या विद्यार्थ्यांत पूर्णिमा सिन्हा. मातीतल्या खनिजांची रचना एक्स-रेने बघायची होती, उपकरण विकत आणायला पैसे कुठले, महायुद्धानंतर लष्कराचं भंगार कलकत्त्याच्या फुटपाथवर विकायला होतं, त्यातून सुटे भाग निवडून आणून त्यांनी यंत्र उभं केलं. कलकत्ता युनिव्हर्सिटीतून फिजिक्सची डॉक्टरेट घेणाऱ्या त्या पहिल्या बाई. हे नाव आमच्या १ जानेवारीच्या फॉरवर्डमधे कधीच नसतं.

राज्यसभा, पद्मविभूषण, विश्वभारतीचं कुलगुरूपद (तिथे फारसं जमलं नाही), १९५८ ला लंडनच्या रॉयल सोसायटीची फेलोशिप, मग नॅशनल प्रोफेसर, हे सगळं विकिपीडियावर आहे. मला शेवटी सांगायचंय ते बंगालीचं. टागोरांनी विज्ञानावरचं आपलं पुस्तक १९३७ मधे बोसांना अर्पण केलं होतं, आणि बोसांनी ते फारच मनावर घेतलं म्हणायचं. १९४८ मधे बंगीय विज्ञान परिषद काढली, ज्ञान ओ विज्ञान नावाचं मासिक काढलं, एमएस्सीच्या वर्गात बंगालीतून शिकवायचे. बंगालीत विज्ञान शिकवता येत नाही म्हणणाऱ्याला एक तर बंगाली येत नाही नाहीतर विज्ञान, असं सरळ म्हणायचे. १९६२ मधे जपानला गेले, तिथले शास्त्रज्ञ बिनदिक्कत जपानीत वाद घालताना पाहिले आणि अजूनच पेटले. १९६३ मधे मासिकाचा एक अख्खा अंक फक्त मूळ संशोधनाच्या पेपर्सचा काढला, सगळे बंगालीत, होतं की नाही बघा म्हणून. आपली मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, म्हणजे ही हवा तेव्हा सगळीकडेच होती.

संशोधन मराठीत छापावं की नाही याबद्दल मी बोसांइतकी ठाम नाही, वाचणार कोण हा प्रश्न मला पडतोच. वर्गाचं मात्र त्यांचं शंभर टक्के खरं. माझ्या एफवायच्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं मराठी माध्यमातून येतात आणि पहिलं सेमिस्टर तोंड उघडत नाहीत. मी फळ्यावर इंग्रजीत लिहिते आणि मराठीत बोलते. परवा तो नाण्यांचा तास झाल्यावर एक मुलगी आली, म्हणाली मॅडम, फरकच नाहीये तर मग ती दोन आहेत हे तरी कशावरून? आता हा प्रश्न तिला इंग्रजीत विचारायला लावला असता तर ती आलीच नसती. इंग्रजीत मला वर्षानुवर्षं एकच शंका येते, मॅडम, इज धिस इम्पॉर्टंट फॉर एक्झाम?